देवबागचा झेड-८० नेटवर्कवर कसा आला

मालवणच्या दक्षिणेला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसलंय. तिथे माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, हाताने जुळवलेला एक छोटा संगणक आहे. झेड-८० हा जुना आठ-बिटी प्रोसेसर, ६४ किलोबाइट मेमरी, साठवणीला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि वर सीपी/एम २.२ ही जुनी कार्यप्रणाली. त्याला स्वतःचा पडदा नाही, कीबोर्डही नाही. जुन्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडायचं आणि सिरीयल तारेने त्याच्याशी बोलायचं. या यंत्राला नेटवर्क जोडलं, त्याची ही सविस्तर नोंद. कोणते पर्याय पुढे होते, त्यातले कोणते का सोडले आणि काम कुठे अडलं, हे सगळं लिहितोय. ज्यांच्याकडे असं एखादं यंत्र टेबलावर पडून आहे त्यांना यातला काही भाग थेट उचलता यावा, एवढी इच्छा आहे.

आधी यंत्र करतं काय, ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून झाले. दादा होड्यांची इंजिनं आणि त्यांच्यावरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो, हंगामात पर्यटकांना संगमावर घेऊन जातो. तिथे वाळूचे पट्टे पाण्याखाली जातात आणि वर येतात. पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तो त्यातलाच. गावातली जुनी माणसं अजून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि होडी कधी काढायची एवढं ठरवायला तो हिशेब पुरतो. पण पट्ट्यावर अमुक वाजता पाणी किती असेल, हे त्याने कळत नाही. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत फरक बराच पडतो. म्हणून दादाने झेड-८० वर एक प्रोग्राम लिहिला. चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा घटक, सूर्याचा बरोबर १२ तासांचा, आणि सुमारे २३.९३ व २५.८२ तासांचे दोन दैनिक घटक, अशा लाटांची बेरीज करून तो दिवसभराची पातळी काढतो. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची जी कोष्टकं छापतो त्यांच्याशी ताडून त्याने आकडे बसवले. कोसाइनचं २५६ नोंदींचं कोष्टक मेमरीत ठेवलं की हा हिशेब आठ-बिटी प्रोसेसरलाही जड नाही.

त्याला लागते ती बरोबर वेळ. आणि देवबागात पावसाळ्यात वीज गेली की यंत्राचं घड्याळ शून्यावर येतं.

इथे कुणीही विचारेल की बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप का नाही लावली? प्रश्न रास्त आहे. फक्त वेळच हवी असती तर तेच करावं. नेटवर्कचा खटाटोप त्यासाठी करू नये. चिप लावलीही होती, पण खाऱ्या हवेने सेलच्या पत्र्याला दर पावसाळ्यात हिरवट थर चढतो आणि संपर्क तुटतो. शिवाय दादाला आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्राम एक्समोडेम या जुन्या सिरीयल पद्धतीने रखडत पाठवायचा त्रास संपवायचा होता. आणि घरातल्या फोनवर झेड-८० नेच दिलेलं आजच्या भरतीचं पान उघडायला हवं होतं, म्हणजे मामी यंत्र ठेवलेल्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, न येता बघू शकेल. मामाने एकदा विचारलं, “हो डबो आता नेटार जातलो काय?” त्यावर दादा म्हणाला, “जातलो, पण माका कळता तसोच जातलो.” या उत्तरात कामाची मुख्य अट आली.

रेघ कुठे ओढायची

छोट्या यंत्राला नेटवर्क जोडताना खरा निर्णय एकच असतो: नेटवर्कचं किती काम यंत्राने स्वतः करायचं आणि किती दुसऱ्या चिपकडे सोपवायचं. ही रेघ कुठेही ओढता येते, आणि ती कुठे ओढली यावरून पुढे ते यंत्र तुमचं राहतं की नाही हे ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला पर्याय सर्वात सोपा. ईएसपी८२६६ नावाचं वाय-फाय मॉड्यूल दीड-दोनशे रुपयांत मिळतं. त्यात मोडेमची नक्कल करणारं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, घालायचं, सिरीयल पोर्टला जोडायचं आणि जुन्या हेझ मोडेमला द्यायचो तशा एटी आज्ञा द्यायच्या. फोन नंबराच्या जागी सर्व्हरचं नाव लिहिलं की जोडणी होते. एका संध्याकाळीत काम संपतं. पण आयपी (मजकुराची पॅकेटं पत्त्यावर पाठवण्याचे नियम), टीसीपी (हरवलेलं पुन्हा पाठवून पोच घेण्याचे नियम), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) सगळं ईएसपीत. त्याचा प्रोसेसर ३२-बिटी आणि ८० मेगाहर्ट्झचा. दादाचा झेड-८० चालतो ७.३७२८ मेगाहर्ट्झवर. मोठं यंत्र छोट्याला नेटवर्क चमच्याने भरवतं, आणि छोट्याच्या वाट्याला अक्षरं गिळण्यापलीकडे काही उरत नाही. फोनला पान द्यायचं झालं तर तेही ईएसपीच देणार. मग झेड-८० कशाला, हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरा पर्याय विझनेटच्या डब्ल्यू५५००चा. या चिपमध्ये टीसीपी/आयपी सिलिकॉनमध्येच कोरलेलं असतं. एकाच वेळी आठ जोडण्या, ३२ किलोबाइटचा स्वतःचा बफर. काम पक्कं होतं आणि प्रोसेसरवर भार पडत नाही. तिसरा पर्याय मायक्रोचिपच्या ईएनसी२८जे६०चा. हा फक्त इथरनेटच्या चौकटी पाठवतो आणि घेतो, बाकी सगळं आपण लिहायचं. शिकण्याच्या दृष्टीने हा फार चांगला. पण दोन्हींना इथरनेटची केबल लागते, आणि इथे जागेने निकाल दिला. यंत्र मांगरात, राउटर घरात, मध्ये माडांखालून लांबलचक तार न्यावी लागणार. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात तिथे विजा कडाडतात. इथरनेटच्या जोडणीत विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर असतो खरा, पण जवळ वीज पडली तर लांब तांब्याच्या तारेत जो दाब उठतो तो सोसायला तो पुरेलच असं नाही. दादाने माडांखालून तार न्यायला सरळ नकार दिला. तो निर्णय मला शंभर टक्के पटला.

उरला चौथा पर्याय, आणि तोच घेतला. स्लिप. सिरीयल तारेवरून आयपीची पॅकेटं पाठवायची ही पद्धत १९८८ सालच्या आरएफसी १०५५ या इंटरनेटच्या क्रमांकित दस्तऐवजात नोंदवलेली आहे आणि ती काही मिनिटांत पूर्ण समजते. पॅकेट संपलं की १९२ हा बाइट पाठवायचा. पॅकेटच्या आतच १९२ आला तर त्याऐवजी २१९ आणि २२० अशी जोडी पाठवायची. २१९ स्वतः आला तर २१९ आणि २२१. संपलं. चूक पकडण्याची सोय नाही, पत्ता नाही, प्रकार सांगणारं खातं नाही. यात ईएसपी राहतो तो फक्त रेडिओ म्हणून: सिरीयलवरून आलेलं पॅकेट हवेत सोडायचं, हवेतून आलेलं सिरीयलवर. कर्लीवरच्या तरीच्या माणसाला टोपलीत मासळी आहे की आंबे याच्याशी देणंघेणं नसतं, तसं. पॅकेटच्या आत काय आहे हे झेड-८० च वाचतो आणि झेड-८० च लिहितो. रेडिओला जे लागतं ते रेडिओकडे, जे समजून घ्यायचंय ते आपल्याकडे. रेघ इथे ओढली.

आधी तार, मग हवा

ईएसपी लगेच जोडायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. पहिला टप्पा लॅपटॉपशी. लिनक्समध्ये स्लिपचा आधार कर्नेलपासूनच आहे; स्लॅटॅच ही आज्ञा सिरीयल पोर्टाला नेटवर्कची जोडणी बनवते. दुसऱ्या खिडकीत टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन चालू ठेवलं की झेड-८० काय बोलतोय ते बाइटागणिक दिसतं. वाय-फाय, व्होल्टेज, अँटेना या तीन संशयितांना त्यामुळे सुरुवातीला बाहेर ठेवता आलं. ज्यांना एवढंच वाचायला वेळ आहे त्यांनी हा एक परिच्छेद नक्की उचलावा.

त्यासाठी यंत्राला दुसरा सिरीयल पोर्ट लागला. टर्मिनलसाठी ६८बी५० ही एक सिरीयल चिप होतीच, नेटवर्कसाठी आणखी एक बसवली. ७.३७२८ मेगाहर्ट्झ हा विचित्र आकडा असल्या संगणकांत सर्रास दिसतो त्याचं कारण इथे कळतं: त्याला ६४ ने भागलं की बरोबर १,१५,२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) येतो. एका बाइटला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, आणि दोन बाइटांच्या मध्ये प्रोसेसरचे ६४० ठोके. पुढच्या सगळ्या कामाचं बजेट हेच. इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हाक) आला, रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागा) जपली, बाइट उचलला, स्लिपची खूण तपासली, जागेवर ठेवला, रजिस्टरं परत केली, एवढ्याला दोनशेच्या आसपास ठोके जातात. स्लिप उलगडण्याचं काम इंटरप्टमध्येच केल्यामुळे बाइट थेट पॅकेटच्या जागेत जाऊन बसतो, नंतर वेगळी नक्कल करावी लागत नाही. अशा दोन जागा ठेवल्या, प्रत्येकी ५७६ बाइटची. आयपीच्या नियमाप्रमाणे एवढं पॅकेट प्रत्येक यंत्राने स्वीकारायलाच हवं, म्हणून तोच आकडा. दोन्ही जागा भरलेल्या असताना तिसरं पॅकेट आलं तर ते सोडून द्यायचं. आयपी पोचवण्याची हमी देतच नाही, त्यामुळे हे नियमात बसतं, आणि छोट्या यंत्राला ही मुभा फार मोलाची आहे.

सगळ्यात आधी पिंगला, म्हणजे “आहेस का” विचारणाऱ्या पॅकेटला, उत्तर द्यायला शिकवलं. या भागावर मी मुद्दाम थांबतोय, कारण इतकं नीटस काम क्वचित बघायला मिळतं. पिंगचं पॅकेट आलं की पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आपसांत बदलायचा, प्रकाराच्या खात्यातला ८ काढून ० लिहायचा आणि परत पाठवायचं. आयपीच्या शीर्षाचा चेकसम, म्हणजे चूक पकडायचा आकडा, पुन्हा काढावा लागत नाही, कारण तो नुसती बेरीज आहे आणि बेरजेत संख्यांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. आतल्या पिंगच्या चेकसममध्ये फक्त एक दुरुस्ती: ८ गेला, तर त्या जागेचं मोल चेकसममध्ये मिळवायचं आणि हातचा आला तर तो शेवटी परत जोडायचा. बस.

चेकसमची आणखी एक गंमत. नेटवर्कवर मोठा बाइट आधी लिहायची रीत, झेड-८० ला छोटा बाइट आधी लागतो. वाटतं की प्रत्येक जोडीची उलटापालट करावी लागणार. पण हातचा परत फिरवून जोडण्याच्या या बेरजेचा गुणच असा की बाइट उलटे घेऊन बेरीज केली तर उत्तरही फक्त उलटं येतं, आणि ते उलटंच मेमरीत लिहिलं की जागेवर सुलटं बसतं. म्हणजे झेड-८० ने आपल्या सवयीप्रमाणे सोळा-सोळा बिट उचलायचे, कॅरीसह जोडत जायचं, आणि आपल्या सवयीप्रमाणेच ठेवून द्यायचं. हा गुण १९८८ च्याच आरएफसी १०७१ मध्ये सांगितलेला आहे. दादाने तो कागदावर चार संख्या मांडून आधी स्वतः पडताळला, मग कोड लिहिला.

लॅपटॉपवरून पिंग केल्यावर १७ मिलीसेकंदांत उत्तर आलं. आकडा पटण्यासारखा होता: लिनक्सचं नेहमीचं पिंग ८४ बाइटचं, सिरीयल तारेवरून जायला ७.३ मिलीसेकंद आणि यायला ७.३. उरलेल्या दोनेक मिलीसेकंदांत झेड-८० चा विचार आणि यूएसबी-सिरीयलचा उशीर.

हरवणारे बाइट

पिंग चोख चालत होतं. फाइल पाठवायला घेतली आणि पॅकेटं गळू लागली. फाइलसाठी टीएफटीपी हे फाइल पाठवायचं साधं तंत्र निवडलं होतं, कारण ते यूडीपीवर, म्हणजे पोचेची हमी नसलेल्या साध्या पॅकेटांवर, चालतं, ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. सीपी/एमच्या १२८ बाइटच्या नोंदी त्यात बरोबर चार बसतात. काम होत होतं, पण मधूनच एक तुकडा चेकसममध्ये नापास व्हायचा, मग लॅपटॉप वाट बघून तो पुन्हा पाठवायचा. छोट्या फाइलला सुद्धा मिनिटभर लागायचं.

गळती फक्त कार्डावर लिहिणं-वाचणं चालू असतानाच होते, हे टीसीपीडंपच्या वेळा बघून कळलं. लिहिणं चालू असताना टीएफटीपीवर काय येणार, असं वाटेल. पण त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतलं पिंग आणि लॅपटॉपने पुन्हा पाठवलेले तुकडे येतच होते. कार्डाचा एक सेक्टर ५१२ बाइटचा. झेड-८० ची सबंध गठ्ठा हलवणारी सूचना बाइटामागे २१ ठोके घेते, म्हणजे सेक्टरला सुमारे १०,७५० ठोके, साधारण दीड मिलीसेकंद. बायोसमधला, म्हणजे सीपी/एमच्या यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागातला, जुना कोड एवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवत होता. दीड मिलीसेकंदात तारेवरून सोळा-सतरा बाइट येऊन जातात, आणि ६८बी५० मध्ये वाचून न घेतलेला एकच बाइट तग धरतो. बाकी गेले.

पहिला उपाय सुचतो तो आरटीएस या सिरीयल जोडणीतल्या खुणेच्या तारेचा: इंटरप्ट बंद करण्याआधी समोरच्याला थांब म्हणायचं. तो करून बघितला, पण यूएसबी-सिरीयलची चिप थांब म्हटल्यावरही पोटातले काही बाइट ओकून मगच थांबते. खरा उपाय त्याहून साधा निघाला. झेड-८० ची गठ्ठ्याची सूचना आतून अशी घडवलेली आहे की प्रत्येक बाइट हलवल्यावर, काम शिल्लक असेल तर, ती प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) दोन घरं मागे नेते आणि स्वतःलाच पुन्हा बोलावते. त्यामुळे दर बाइटनंतर इंटरप्ट घुसू शकतो आणि परत आल्यावर काम जिथलं तिथे पुढे सुरू होतं. इंटरप्टने रजिस्टरं जपली की झालं, आणि ती जपली जातच होती. म्हणजे इंटरप्ट बंद करायची गरजच नव्हती. दोन सूचना काढल्या आणि गळती थांबली. ४० किलोबाइटची फाइल आता सहा-सात सेकंदांत उतरते.

टीएफटीपीचं एक बारकाव्याचं: ५१२ पेक्षा छोटा तुकडा आला की फाइल संपली असं धरतात. फाइलची लांबी ५१२ च्या पटीत असेल तर शेवटी रिकामा तुकडा येतो. तो आला नाही म्हणून लटकून बसणारे प्रोग्राम मी पाहिलेत. आणि सीपी/एमला फाइलची नेमकी लांबी कळत नाही, फक्त नोंदी किती ते कळतं, म्हणून मजकुराच्या फाइलीत उरलेली जागा कंट्रोल-झेडने भरून टाकायची.

वेळ विचारण्याची रीत

वेळेसाठी एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारायची पद्धत. ४८ बाइटचं पॅकेट पाठवायचं, पहिला बाइट २७, बाकी शून्य. उत्तरातल्या, शून्यापासून मोजत, चाळिसाव्या बाइटपासून चार बाइट म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद. त्यात साडेपाच तासांचे १९,८०० मिळवले की आपली वेळ. ३२ बिटांचा हा मोजणीपट्टा ७ फेब्रुवारी २०३६ ला भरून पुन्हा शून्यावर येणार आहे, त्यासाठी एक तुलना आत्ताच लिहून ठेवली. मधल्या काळात घड्याळ चालवायला सीटीसी टायमर आहे: ७.३७२८ मेगाहर्ट्झला २५६ ने आणि मग १४४ ने भागलं की सेकंदाला बरोबर २०० टिकटिक.

सर्व्हरचा पत्ता प्रोग्राममध्ये कायमचा लिहून टाकणं सोपं होतं. दादाचं मत तेच होतं, डीएनएस लिहायचा कंटाळा. इथे मात्र मी आग्रह धरला. २००३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरवर पॅकेटांचा पूर आला होता. एका कंपनीने लाखो घरगुती राउटरांत त्या सर्व्हरचा पत्ता कोरून ठेवला होता, आणि उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. आपलं यंत्र एकटं आहे हे खरं, पण कोड लोक उचलतात. शेजाऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं हे छोट्या यंत्रानेही पाळायला हवं. मग डीएनएसची छोटी विचारणा लिहिली, सर्व्हर नावाने शोधायचा, दिवसातून चार वेळा विचारायचं, उत्तर नाही आलं तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट. डीएनएसची गरज पुढे इतर कामांनाही पडलीच.

फोनवरचं पान

टीसीपीला लोक बिचकतात, आणि पूर्ण टीसीपीला बिचकायलाच हवं. पण आपल्याला लागतं तेवढंच घेतलं तर ते आटोक्यात राहतं. स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांनी यूआयपी नावाचं टीसीपी/आयपी लिहून हे दाखवून दिलं: काही किलोबाइट कोड, काहीशे बाइट मेमरी. त्यातली सर्वात मोठी युक्ती दादाने उचलली. टीसीपीत पाठवलेला मजकूर पोच येईपर्यंत जपावा लागतो, कारण हरवला तर पुन्हा पाठवायचा असतो. जागा खाते ती हीच. यूआयपी मजकूर जपत नाही, प्रोग्रामलाच सांगतं की पुन्हा तयार करून दे. भरतीचं पान तर दर वेळी हिशेबातूनच तयार होतं, त्यामुळे जपण्याजोगं काही उरतच नाही.

पान मुद्दाम ५३६ बाइटच्या आत ठेवलं. टीसीपीत तुकड्याची कमाल लांबी कळवली नाही तर ५३६ च धरतात, म्हणून ते कळवायचंही काम नाही, आणि अख्खं पान एकाच तुकड्यात जातं. दोन भरत्या, दोन ओहोट्या, आत्ताची पातळी, संगमाचा पट्टा उघडा की बुडालेला. चित्र नाही, रंग नाही. टीसीपीतल्या खिडकीचं खातंही ५३६ वर ठेवलं, म्हणजे फोन एका वेळी त्याहून जास्त ओतणार नाही.

लॅपटॉपवरून मजकुरी साधनाने पान लगेच आलं. फोनवरून पहिल्या वेळी आलं, दुसऱ्या वेळी फोन गोल फिरत बसला. टीसीपीडंपने उलगडा केला. हल्लीचे फोनवरचे ब्राउझर पुढे लागेल म्हणून एक जोडणी आगाऊच उघडून ठेवतात आणि तिच्यावर काही बोलतच नाहीत. दादाचा सर्व्हर एका वेळी एकच गिऱ्हाईक घेणारा. तो त्या मुक्या जोडणीसमोर वाट बघत राहायचा आणि खरं विचारणारा ताटकळायचा. मग जोडण्यांचं चार ओळींचं कोष्टक केलं, ओळीला ३२ बाइट, आणि पाच सेकंद गप्प राहिलेली जोडणी सरळ तोडायची असा नियम घातला. १९७६ च्या प्रोसेसरला आजच्या फोनच्या सवयी अशा सांभाळाव्या लागतात.

सीपी/एम एका वेळी एकच प्रोग्राम चालवतं, मग हे सगळं चालतं कधी? यंत्र टर्मिनलवरच्या कळीची वाट बघत असतं तेव्हा. बायोसच्या त्या वाट बघण्याच्या घेरात नेटवर्कची तपासणी घातली. कोड आणि जागा मिळून पाच-सहा किलोबाइट कायमचे गेले. असेंबलरसारखा दुसरा प्रोग्राम चालू असताना नेटवर्क बहिरं असतं, फोनला दोन-चार सेकंद थांबावं लागतं. ते चालतं.

हवेवर नेताना

ईएसपी शेवटी आला. त्यासाठी स्लिप-राउटरचं मुक्त फर्मवेअर मिळतं; ते वाय-फायच्या बाजूने घरच्या राउटरकडून पत्ता घेतं आणि सिरीयलच्या बाजूने झेड-८० ला आपल्यामागे ठेवतं. ८० क्रमांकाच्या पोर्टवर आलेलं आत पाठवायची एक नोंद केली की फोनला पान दिसतं.

जोडल्यावर येणारी पॅकेटं ठीक, जाणारी मात्र अधूनमधून बिघडलेली. ईएसपी ३.३ व्होल्टचा, ६८बी५० पाच व्होल्टची. मध्ये व्होल्टेज उतरवणारा दोन रोधांचा विभाजक होता, एक आणि दोन किलोओहमचा, जसा बहुतेक सर्किटच्या नकाशांत असतो. दादाने ऑसिलोस्कोप लावला तर ईएसपीच्या पायावर उच्च पातळी जेमतेम अडीच व्होल्ट. ईएसपीला हमखास कळायला पुरवठ्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे २.४८ व्होल्ट लागतात. सगळं काठावर. कारण ६८बी५० ही जुन्या एनमॉस घडणीची चिप. ती उच्च पातळीला २.४ व्होल्टची हमी देते, आणि तीही जास्तीत जास्त ०.१ मिलीअँपिअर ओढलं तरच. हा विभाजक त्याच्या दहापटीहून जास्त ओढतो आणि मग उरलेल्याचेही दोन-तृतीयांश करतो. आधुनिक सीमॉस चिपला चालणारा नकाशा इथे चालत नाही. विभाजक काढून ७४एलव्हीसी२४५ हा बफर ३.३ व्होल्टवर लावला. त्याला दोन व्होल्ट म्हणजे उच्च हे कळतं आणि पाच व्होल्ट आले तरी तो सोसतो. उलट दिशेला काहीच लागलं नाही, ईएसपीचे ३.३ व्होल्ट ६८बी५० ला पुरेसे आहेत. ईएसपी प्रक्षेपण करताना क्षणभर बराच प्रवाह ओढतो, म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर आणि पायापाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला.

मांगराच्या भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड. कोरड्या दिवसांत सिग्नल पुरतो, पावसात चिरा पाणी पिऊन बसला की घटतो. मॉड्यूल बोर्डापासून सोडवून चार तारांवर दाराच्या चौकटीपाशी नेलं, तेवढ्याने भागलं. चिपांच्या साध्या सॉकेटांच्या जागी खरादलेल्या पिनांची सोन्याचा मुलामा असलेली सॉकेटं बसवली आणि सोल्डरच्या बाजूला ॲक्रिलिकचा फवारा मारला. समुद्राजवळ कुठेही असं यंत्र ठेवणाऱ्याने हे दोन्ही सुरुवातीलाच करावं. नेटवर्कचा दोष म्हणून शोधायला घ्याल आणि निघेल एक गंजलेली पिन.

एका गोष्टीला आम्ही ठरवून हात लावला नाही. मुंबईतल्या भाच्याला हे पान तिकडून बघायचं होतं. घराबाहेरून दार उघडायचं नाही, असं दादाने त्याला सांगितलं. या यंत्रात पासवर्ड नाही, मेमरीला कुंपण नाही, आणि टीएफटीपीवरून कुणीही कुठलीही फाइल बदलू शकतो. एचटीटीपीएसची गुप्त बोली झेड-८० ला शिकवायची तर किल्ल्यांच्या एका हिशेबालाच मिनिटं लागतील. घरातल्या वाय-फायच्या आत ते सुरक्षित आहे, तिथेच राहील. भाच्यासाठी दादा सकाळी पानाचा फोटो पाठवतो.

कुडाळच्या एका ओळखीच्या शिक्षकांना हे बघून शाळेतल्या मुलांसाठी असंच यंत्र करायचंय. त्यांना दादाने स्लिप सुचवलं नाही. त्यांच्याकडे वर्गात राउटर शेजारीच आहे, तार दोन हातांची, आणि मुलांना एका सत्रात काहीतरी चालताना दिसायला हवं. त्यांच्यासाठी डब्ल्यू५५००. फक्त पिंगचं उत्तर झेड-८० ने स्वतः द्यायचं, चिपला कच्ची पॅकेटं घेण्याच्या पद्धतीत टाकून, एवढा एक धडा त्यांच्या यादीत घालून दिलाय. त्या बोर्डाचा नकाशा सध्या दादाच्या टेबलावर आहे.